साठ लाखांची गाडी साडेआठ लाखांत

गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. एवढी एक गोष्ट आमच्या साडूभाऊंच्या वेळेवर ध्यानात आली असती, तर निवृत्तीनंतर मला अकोला नाक्यावर भर उन्हात पोतं अंथरून, परक्या माणसाच्या गाडीचं पोट खालून न्याहाळावं लागलं नसतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. इंजिनाचे चार स्ट्रोक फळ्यावर काढून दाखवायचो: सक्शन, कॉम्प्रेशन, पॉवर, एक्झॉस्ट. एवढ्या भांडवलावर सासरकडच्या मंडळींनी मला गाड्यांमधला जाणकार ठरवून टाकलं आहे. माझी स्वतःची गाडी वॅगन आर आहे, ही बाब कुणी मनावर घेत नाही.

साडूभाऊ मंगरुळपीर तालुक्यातले. खाऊनपिऊन सुखी शेतकरी. सोयाबीन, तूर, पाणी असलं तर हरभरा. समृद्धी महामार्ग त्यांच्या शिवारातून गेला. जमीन गेली, मोबदला आला. मोबदल्यातून घर झालं, दोन लग्नं झाली, एका पुतण्याचं मोबाईलचं दुकान निघालं आणि बंदही झालं. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला, तेव्हापासून साडूभाऊ संध्याकाळी धुऱ्यावर उभे राहून कुंपणापलीकडची वाहनं पाहू लागले. ताशी एकशेवीसनं, आवाज न करता, रुंद छातीच्या काळ्या गाड्या जायच्या. एकदा मला म्हणाले, “सर, ज्या रोडले आपण जमीन देली, त्याच्यावर बोलेरो घेऊन जानं बरं दिसते काय?”

बोलेरोचा यात काय गुन्हा, हे मला कळलं नाही. पण पुढच्याच आठवड्यात माझ्या मोबाईलवर एक फोटो येऊन पडला. जर्मन बनावटीची गाडी, २०१४ चं मॉडेल, तीन हजार सीसीचं डिझेल इंजिन, छताला काच, आत सायीच्या रंगाचं लेदर. नवी घेताना साठ लाखांच्या घरात गेली असणार. आता साडेआठ. खाली साडूभाऊंचा निरोप: “नव्या ब्रेझाच्या पैशात!!” कंपनीचं नाव मी सांगणार नाही. कंपनीनं आमचं काही वाकडं केलेलं नाही. त्या गाडीचं जे काही झालं, ते तिच्या मालकांनी केलं.

आता साठ लाखांची वस्तू साडेआठ लाखांत का मिळते, हा प्रश्न साडूभाऊंना पडत नव्हता. शेतकऱ्याला पडायला हवा होता. बाजार समितीत कुणी पाच हजारांचं सोयाबीन सातशे रुपये क्विंटलनं देऊ लागला, तर हेच साडूभाऊ आधी पोत्यात हात घालून तळाचे दाणे काढून पाहतील. गाडीच्या बाबतीत मात्र त्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि समाधान मानलं.

कारणं तशी गुपित नाहीत. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्ये बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. तेव्हापासून तिकडच्या भारी डिझेल गाड्या दहावा वाढदिवस जवळ आला की देशभर पांगू लागल्या. दुसरं कारण म्हणजे अशा गाडीचा पहिला मालक वॉरंटी संपली की शहाणा होतो. आणि तिसरं कारण सगळ्यांत मोठं: साठ लाखांची गाडी साडेआठला आली, तरी तिचा शॉकअप, तिचा गिअरबॉक्स, तिचा हेडलाईट यांना ही बातमी कुणी सांगत नाही. ते अजून साठ लाखांच्याच गाडीचे भाग असतात आणि त्याच थाटात बिल पाठवतात.

महाराष्ट्रात या हौसेचा मोठा दिवस उजाडला तो ऑक्टोबर २०१० मध्ये, औरंगाबादेत. शहरातल्या उद्योजक, डॉक्टर, बिल्डर मंडळींनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा सौदा. जगभर बातमी झाली. आता खासगी गाडीची नोंदणी असते पंधरा वर्षांची. म्हणजे त्यातल्या ज्या गाड्या अजून फिरतात, त्यांची मुदत २०२५ मध्ये भरली. पुढं चालवायची तर पुन्हा तपासणी, पुन्हा नोंदणी आणि वर पर्यावरण कर. त्या दीडशेतल्या कितीतरी एव्हाना दुसऱ्या-तिसऱ्या घरी नांदून आल्या असतील. पहिल्या मालकाचा फोटो पेपरात आला, चौथ्याच्या हाती बिल येईल.

तर साडूभाऊंना मी अट घातली: मिस्त्री सोबत न्यायचा. रिसोड रोडवर माझ्या ओळखीचा एक मिस्त्री आहे. त्याची हयात ट्रॅक्टर, बोलेरो आणि काळीपिवळी यांत गेली. “जर्मन गाडी जमेल का?” असं विचारलं तर म्हणाला, “जर्मनची असो का जालन्याची, जळते तं डिझेलच ना, गुरुजी.” पोरानं त्याला मोबाईलला जोडायचा एक स्कॅनरही आणून दिला आहे. स्टिअरिंगखालच्या सॉकेटात तो खोचला की गाडीच्या तक्रारी स्क्रीनवर येतात. मिस्त्रीचा त्याच्यावर विश्वास थोडा कमी आहे, स्वतःच्या कानावर जास्त.

गाडी अकोला नाक्यावर उभी होती. खरं सांगतो, क्षणभर मलाही ती आवडली. एजंट पांढऱ्या शर्टातला, दोन मोबाईलवाला. “पार्टीची घरची गाडी हाय साहेब. डॉक्टरसाहेबाची. फक्त संडेले काढत होते.” जुन्या गाड्यांच्या बाजारात हे रविवारी गाडी काढणारे डॉक्टर इतके आहेत की इतर सहा दिवस महाराष्ट्रात कुणी आजारी पडत नसावं. मीटरवर बासष्ट हजार किलोमीटर. मिस्त्रीनं दार उघडलं आणि मीटरकडं न बघता खाली वाकून ब्रेकच्या पायपट्टीचं रबर पाहिलं. मधल्या रेघा गुळगुळीत झाल्या होत्या. मग ड्रायव्हर सीटची दाराकडची कड पाहिली; लेदर फुटून फोम डोकावत होता. स्टार्टच्या बटणावरची अक्षरं पुसली होती.

“डाक्टरसाहेब दर संडेले पुण्याले जात होते काय?”

एजंटनं दुसऱ्या मोबाईलवर फोन आल्याचं दाखवलं.

मीटर मागं फिरवणं आजकाल वायर खोचण्याइतकं सोपं झालं आहे. पण अशा गाड्यांत किलोमीटरची नोंद मीटरखेरीज आणखी दोन-तीन ठिकाणी असते, कधी गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये, कधी चक्क किल्लीत. शिवाय सर्व्हिसची बिलं. बिलं मागितली तर एजंट म्हणाला, डॉक्टरसाहेबांनी घर बदललं तेव्हा फाईल हरवली. घर बदलताना नेमकी सर्व्हिसची फाईलच कशी हरवते, यावर कुणीतरी पीएचडी करायला हवी.

मी माझं एकमेव काम केलं. बॉनेटवर तळहात ठेवला. चटका बसला.

“गाडी चालू होती का?”

“नाही ना सर. आत्ताच धुवून आणली.”

“पान्यानं गरम होते काय बाप्पा?” मिस्त्री म्हणाला.

ऊन होतं, हे खरं. पण टपही उन्हातच होता आणि तो इतका तापलेला नव्हता. इंजिन आधी गरम करून ठेवण्याचं कारण सरळ आहे. रात्रभर थंड पडलेलं इंजिन सकाळी पहिल्यांदा चालू होतं, तेव्हा ते सगळं बोलून जातं: टायमिंग चेन सैल असेल तर पहिल्या दोन-चार सेकंदांत खळखळते, इंजेक्टर कमजोर असेल तर इंजिन लंगडतं, धुराचा खरा रंग दिसतो. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय, काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही, पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबला नाही तर कूलंट आत शिरतंय. गरम इंजिनात यातलं बरंचसं झाकलं जातं.

चेनचा मुद्दा लहान नाही. ऑडी क्यू सेव्हनच्या तीन लिटर डिझेल इंजिनात टायमिंग चेन इंजिनाच्या मागल्या अंगाला, गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेली असते. बीएमडब्ल्यूच्या एक्स वन, एक्स थ्रीमध्ये एकेकाळी येणाऱ्या दोन लिटर डिझेल इंजिनाचंही तेच, आणि त्या चेनच्या तक्रारी जगभर गाजल्या. चेन स्वतः काही हजारांची. पण तिच्यापर्यंत हात पोचवायला इंजिन किंवा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. मर्सिडीजच्या त्या काळच्या तीन लिटर व्ही सिक्स डिझेलमध्ये ऑईल कूलर दोन्ही बाजूंच्या सिलिंडरच्या मधल्या खोबणीत, टर्बोच्या खाली दडवला आहे. त्याची रबरी सीलं म्हातारी झाली की ऑईल पाझरतं. सील स्वस्त, पण तिथवर जायला वरचं सगळं सामान उतरवायचं. जर्मन इंजिनीअर हुशार असतात यात वाद नाही, पण त्यांच्यातल्या एकानंही कधी स्वतःच्या हातानं पाना धरून ही चेन बदलली असेल असं मिस्त्रीला वाटत नाही. त्यानं याबद्दल जे शब्द वापरले ते इथं छापता येणार नाहीत.

इकडं साडूभाऊ स्वस्थ बसले नव्हते. त्यांनी खिशातून एक लोहचुंबक काढलं. जुन्या स्पीकरचं, चांगलं जाडजूड. पत्र्याला ठोक लागून आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली असेल तर तिथं चुंबक चिकटत नाही, हे ज्ञान त्यांना पुतण्यानं दिलं होतं. दारावर चिकटलं. मागल्या पत्र्यावर चिकटलं. पुढं येऊन बॉनेटवर ठेवलं, ते घसरून खाली पडलं. उचलून दुसरीकडं ठेवलं, पुन्हा खाली. सगळं बॉनेट फिरून झालं. साडूभाऊंचा चेहरा उतरला. माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, “सर, पुरं बॉनेट लांबीचं हाय.”

अशा गाड्यांचं बॉनेट पुष्कळदा वजन कमी राहावं म्हणून अ‍ॅल्युमिनियमचं करतात, हे मी त्यांना सांगितलं. काही रेंज रोव्हर तर अख्ख्या अ‍ॅल्युमिनियमच्या. त्यांना ते पटलं नाही. साठ लाखांच्या गाडीत भांड्यांचा पत्रा कसा वापरतील? त्यापेक्षा बॉनेटच्या बिजागरीचे नट पाहणं सोपं, नटाच्या रंगावर पान्याच्या खुणा असल्या की बॉनेट कधीतरी निघालेलं आहे. खुणा होत्या. म्हणजे चुंबकाचा तर्क चुकला तरी संशय बरोबर निघाला, आणि साडूभाऊ पुढं सगळ्यांना चुंबकाचीच गोष्ट सांगणार हे मला तिथंच कळलं.

मग चहा आला. चहा पिताना मी सहज गाडीकडं पाहत होतो आणि मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. गाडी तिरपी दिसत होती. मान वाकडी करून पाहिली. मिस्त्रीनं कप खाली ठेवला.

“बसली,” तो म्हणाला.

आम्ही आलो तेव्हा सरळ उभी असलेली गाडी डाव्या मागल्या कोपऱ्यात चार बोटं खाली गेली होती. बैलबाजारात माझे आजोबा दात मोजून, खूर उचलून झाले की बैलाला मुद्दाम तासभर नुसतं उभं ठेवायचे. ज्याच्या खुब्यात दोष आहे तो बैल तासाभरात अंग टाकतो म्हणायचे. ही पद्धत जर्मन गाडीला तंतोतंत लागू पडते. या गाड्यांत लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबराच्या हवेच्या पिशव्या असतात, एअर सस्पेन्शन. त्यामुळं गाडी खड्ड्यावरून तरंगत जाते आणि बटण दाबलं की उंच किंवा खाली होते. रबर आठ-दहा वर्षांत तडकतं, हवा बारीक-बारीक गळते. गळकी पिशवी भरत राहायला कॉम्प्रेसर सारखा पळतो आणि मग तोही जळतो. म्हणून गाडी पाहायला गेलं की आधी घाई करू नये. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत चारी बाजूंना टेपनं माप घ्यावं, चहा प्यावा, पुन्हा माप घ्यावं. एजंटनं चहा स्वतःहून मागवला होता, हे त्याचं दुर्दैव.

“त्या साईडची जरा हवा कमी हाय,” एजंट म्हणाला. जणू नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडं पाच रुपयांत भरून मिळेल.

मी खिशातून कागद काढला. साडूभाऊंशी रुपयांत बोलून उपयोग नसतो, मोबदला आल्यापासून त्यांचा रुपयांचा अंदाज बिघडला आहे. सोयाबीनमध्ये बोललं की लगेच कळतं. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्रानं हमीभाव दिला ५३२८ रुपये क्विंटल. अशा गाडीचा एका कोपऱ्याचा एअर सस्पेन्शनचा खांब, कंपनीचा घेतला तर, मजुरी धरून लाखाच्या आसपास जातो. म्हणजे हमीभावानं पावणेएकोणीस क्विंटल. बाजार समितीत चार-सव्वाचार हजारच हाती पडले, तर चोवीस-पंचवीस क्विंटल. साडूभाऊंच्या रानात एकरी सहा-सात क्विंटलचा उतारा धरला, तर साडेतीन-चार एकरांचं सोयाबीन गाडीच्या एका पायात. आणि पाय चार.

साडूभाऊ बराच वेळ कागदाकडं पाहत राहिले. “पेरनी धरून का नफा धरून?”

“एकूण उत्पन्न. पेरणी, फवारणी, मळणी अजून वजा केलेली नाही.”

तोवर मिस्त्री मागं जाऊन सायलेन्सरजवळ बसला होता. त्यानं साडूभाऊंचा रुमाल मागितला. पांढराशुभ्र, घडीचा. बोटाला गुंडाळून पाईपच्या आत फिरवला आणि परत दिला. काळाकुट्ट. या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते, डीपीएफ. ती शाबूत असेल तर पाईप आतून जवळजवळ स्वच्छ राहतो. रुमाल काळा होतो म्हणजे गाळणी फुटली आहे किंवा कुणीतरी कापून आतून रिकामी केली आहे. का करतात? तर ती काजळी जाळून टाकायला गाडी वीस-पंचवीस मिनिटं सलग, चांगल्या वेगात पळावी लागते. गावातल्या गावात, पाटणी चौक ते पुसद नाका असा फेरा मारणाऱ्या गाडीला हा योग येत नाही. गाळणी चोंदते, दिवा लागतो, गाडी वेग धरायला नकार देते. नवी गाळणी भयंकर महाग, म्हणून जुनीचं पोट फाडतात.

या बाबतीत आपला जिल्हा नशीबवान म्हटला पाहिजे. शेलूबाजारला समृद्धीवर चढायचं आणि कारंज्याला उतरायचं, गाळणी साफ. नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानी दर्शन घेऊन परत. आठवड्यातून एकदा केलं तर गाडीचा आणि माणसाचा, दोघांचाही आत्मा शुद्ध राहील. टोल मात्र लागेल.

एक फेरी मारायची ठरली. मिस्त्री चालवायला बसला. त्यानं आधी किल्लीवर सगळे दिवे पेटतात का पाहिलं. हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. इंजिन चालू करण्याआधी एअरबॅग, एबीएस, इंजिन हे सगळे दिवे एकदा पेटले पाहिजेत आणि इंजिन चालू झाल्यावर विझले पाहिजेत. एअरबॅगचा दिवा पेटलाच नाही. एजंट खूश: “पाहा, कायचाच प्रॉब्लेम नाही.” मिस्त्री म्हणाला, दिवा लागतच नाही म्हंजे दिवाच काढून टाकला. स्कॅनरवर एकही तक्रार नव्हती. पण तक्रारी पुसल्यानंतर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पुन्हा पूर्ण व्हायला वेळ लागतो, आणि स्कॅनर सांगत होता की एकही पूर्ण झालेली नाही. म्हणजे सकाळीच कुणीतरी पाटी कोरी करून पाठवली होती.

डी मधून आर मध्ये टाकलं, गाडीनं विचार केला, मग पाठीत धक्का दिला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल आयुष्यभर पुरतं असं काही गाड्यांच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. कुणाच्या आयुष्यभर, ते लिहीत नाहीत. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ऐंशी हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरच्या दरम्यान ते बदला म्हणते. नाक्याजवळच्या मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवली, तर पुढचं चाक अडखळत-अडखळत चाललं. चारी चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्स्फर केसची ही खूण. खाली उतरून पाहिलं तर टायर तीन कंपन्यांचे. फोर व्हील ड्राईव्हला चारी टायर एका जातीचे, सारखे झिजलेले लागतात, नाहीतर आतले दाते एकमेकांशी भांडत बसतात. टायरवर चार आकडी छाप असतो, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. मागल्या एका टायरवर ३११६ होतं, २०१६ चा एकतिसावा आठवडा. समृद्धीच्या काँक्रीटवर उन्हाळ्यात एकशेवीसनं या टायरवर जाणाऱ्यानं आधी विमा पाहून घ्यावा, स्वतःचा.

पाण्यात बुडालेली नाही ना, ही खात्री करायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहतात. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मळकट रेघ असेल तर गाडी कधीतरी पोहली आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, २०१५ मध्ये चेन्नई बुडाली. अशा पुरांतल्या गाड्या लिलावातून धुऊनपुसून देशभर जातात. आमच्या गाडीचा पट्टा स्वच्छ निघाला. साडूभाऊंनी मोठ्यानं सुस्कारा सोडला. मात्र डाव्या पायाखालचा गालिचा ओलसर होता.

याला जबाबदार छताची काच. सनरूफच्या चार कोपऱ्यांना पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात. गाडी कडुनिंबाखाली उभी केली की मोहर आणि पाला त्या नळ्यांत जाऊन बसतो. पाणी मग खांबातून आत उतरतं, आणि या गाड्यांचे निम्मे कॉम्प्युटर गालिच्याखाली किंवा सीटखाली बसवलेले असतात. एक बिघडला तर काचा खाली येत नाहीत, दुसरा बिघडला तर गाडी किल्ली ओळखत नाही. आमच्याकडं सनरूफचा खरा उपयोग वेगळाच असतो. तिथून नवरदेव बाहेर येतो. वरात डीजेमागं मुंगीच्या पावलानं तीन तास चालते, एसी चालू, इंजिन चालू, गिअर डी मध्ये, छतावर पोरं. गिअरबॉक्स तापतो, गाळणी चोंदते, काचेची रेल वाकते. जुनी गाडी घेताना ती किती वरातींत होती हे विचारावं, कुठल्याच सर्व्हिस बुकात त्याची नोंद नसते.

बॉनेट उघडल्यावर आणखी एक गोष्ट दिसली, उंदरांच्या लेंड्या. अमेरिकेत टोयोटाच्या काही ग्राहकांनी २०१६ मध्ये कोर्टात दावा लावला होता की कंपनीनं वायरींचं आवरण सोयाबीनपासून बनवलं, म्हणून उंदीर ते कुरतडतात. कोर्टात काय झालं ते सोडा. पण आमच्या जिल्ह्यात, जिथं सोयाबीन घरात, अंगणात, गोडाऊनात, ट्रॉलीत सगळीकडं पडलेलं असतं, तिथला उंदीर ते सोडून वायर खायला का येतो, हे मला अजून समजलेलं नाही. कदाचित त्यालाही भाव मिळत नसेल.

कागद शेवटी पाहिले. आरसी बुकावर अजून एका बँकेचा बोजा होता. कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर तिथली एनओसी म्हणजे फॉर्म २८. यातलं एकही तिथं नव्हतं. “आठ दिवसांत करून देतो” एवढं होतं. डॉक्टरसाहेबांचं नाव आरसीवर नव्हतंच. आरसीवरचा मालक चौथ्या क्रमांकाचा होता आणि नावाच्या ठिकाणी लिहिलं होतं: बिल्डिंग मटेरियल सप्लायर.

“सात,” एजंट म्हणाला.

साडूभाऊंचे डोळे चमकले. “सात म्हणून राह्यला सर!”

“फुकट देली तरी डिझेल टाकून आना म्हना,” मिस्त्री हात पुसत म्हणाला.

तेवढ्यात मेव्हणीचा फोन आला. स्पीकरवर होता, त्यामुळं सगळ्या नाक्यानं ऐकला. “भाऊजी हायत ना तिथं? त्यायले विचारा, सात लाखाची गाडी घेऊन दर साली दोन लाख लावनार हा कोन्ता धंदा हाय? तुरीवर अळी आली. फवारनीवाला पैसे मांगून राह्यला.” सौदा तिथं मोडला. एजंटनं चहाचे पैसे माझ्याकडून घेतले.

ती गाडी नंतर विकली गेली. लग्नसराईत मी ती मालेगावकडच्या एका वरातीत पाहिली, नवी पासिंग, एमएच-३७. नवरदेव छतातून बाहेर, पुढं डीजे, आणि डावा मागला कोपरा चार बोटं खाली. साडूभाऊंनी बोलेरोचं इंजिन करून घेतलं. सध्या ते धुऱ्यावर उभे राहून गाड्या पाहतात तेव्हा उंचीकडं पाहतात. “सर, आज एक गेली, पुरी बसेल होती,” असा फोन येतो.

तुम्हाला अशी गाडी घ्यायचीच असेल, तर बेलाशक घ्या. चांगली सांभाळलेलीही मिळते, आणि तिच्यात बसल्यावर माणूस खरोखर दुसऱ्याच जगात जातो. फक्त गाडीच्या किमतीचा चौथा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीला बाजूला काढून ठेवा. तेवढे पैसे उरत नसतील तर ती गाडी तुमच्या ऐपतीत नाही. विकणाऱ्याला आदल्या रात्री फोन करून सांगा की सकाळी आम्ही येईस्तोवर इंजिन चालू करू नका. टेप, टॉर्च, पांढरा रुमाल न्या. चुंबक न्यायला हरकत नाही. मला मात्र बोलावू नका, माझी पाठ धरते. मिस्त्रीला बोलवा; पण मृग लागला की तो ट्रॅक्टरखाली असतो, तेव्हा सौदा एकतर त्याच्या आधी ठरवा, नाहीतर सरळ दिवाळीनंतर.